ठाणवईचा खोटा अर्थ

जळोची, बारामती
मंगळवार, २१ जानेवारी २०२५

बुद्धघोष,

जयभीम.

रविवार, १९ जानेवारी २०२५ रोजी दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी, कळसला तुझ्या घराच्या ओसरीवर, तुझा मुलगा विशाल आणि सून प्रगती यांच्या देखत तू माझी चिठ्ठी अर्धवट वाचलीस, तिची घडी घातलीस, ती सदऱ्याच्या खिशात टाकलीस, "अक्का, हे बरं न्हाय" असं म्हणालास आणि डाळिंबाच्या बागेकडं निघून गेलास. पाच चाळीसला मी निघाले तोवर तू परत आला नव्हतास. विशालनं मला जंक्शनच्या एसटी थांब्यापर्यंत मोटारसायकलवर सोडलं.

विमा कंपनीच्या दावे विभागात माझं आयुष्य गेलं. घटना कधी, कुठं आणि कुणासमोर घडली हे आधी लिहायचं, रडगाणं नंतर, ही मला लागलेली सवय आहे.

खेळाचे नियम तू विसरला असशील असं धरून पुन्हा लिहिते. एक जण आबांचा शब्दकोश उघडतो आणि कुणालाच माहीत नसलेला शब्द काढतो. खरा अर्थ तो एका चिठ्ठीवर उतरवून घेतो. बाकीचे आपापल्या चिठ्ठीवर त्या शब्दाचा खोटा अर्थ रचतात, असा की दुसऱ्याला तोच खरा वाटावा. मग कोशवाला सगळ्या चिठ्ठ्या एकाच आवाजात वाचतो. कुणाची कुठली हे सांगत नाही, हसत नाही, थांबत नाही. वाचून झाल्यावर प्रत्येकानं ओळखायचं. तुमच्या खोट्याला जितके फसले तितके तुमचे गुण.

वाचणाऱ्यानं चिठ्ठी गिळायची नाही, हा आबांचा पहिला नियम होता. आबा प्राथमिक शाळेचे मास्तर, आणि मुलगी पुण्याच्या कॉन्व्हेंटच्या वसतिगृहात. सुट्टीत घरी आले की माझ्या तोंडून मराठी शब्द अडखळत निघायचे. त्यांनी ओरडा केला नाही, हा खेळ काढला. तू तेव्हा चड्डीतला होतास आणि मला पहिल्याच दिवशी हरवलं होतंस. त्या खेळात माझ्यावर लबाडीचा आळ आजवर कुणी घेतला नाही. तो तू घेतलास, सुनेसमोर.

मला लेखी खुलासा हवा. फोन करणार नाही, कारण फोनवर तू "हां, हां" म्हणतोस आणि फोन प्रगतीच्या हातात देतोस. हे पत्र मिळाल्याची पोच तरी दे.

अंजली सरवदे

*

कळस
३० जानेवारी

ती. अक्कास,

सप्रेम जयभीम.

पत्र मिळालं. तुझं अक्षर बघून पोस्टमन म्हणाला, तात्या, कोर्टाची नोटीस आली का काय. मी म्हणलं, त्याच्यावरची हाय.

आळबिळ काय घेतला न्हाय मी. चष्मा बदलायला झालाय, बारीक अक्षर दिसत न्हाय. त्यात चारला लाईट येणार व्हती, बागंत मोटर चालू करायची व्हती. गडबडीत काय बोलून गेलो असंन तर सोडून दे.

खेळ आता माझ्यानं व्हायचा न्हाय, अक्का. वय झालं. कोश विशालसंगं पाठवून देतोय, तो बाजारात माल घिऊन येतोच हाय. तुझ्याकडं राहू दे. आबांनी तसा तो तुझ्यासाठीच आणला व्हता.

थंडी लई हाय. सांभाळून रहा. विशाल दोन किलो वांगी देईल, काटेरी हायत, भरून कर.

तुझा
बुद्धघोष

*

जळोची
सोमवार, ३ फेब्रुवारी २०२५

बुद्धघोष,

जयभीम.

वांगी मिळाली. कोशही मिळाला. तो टोमॅटोच्या कॅरेटमध्ये, वर गोणपाट टाकून आला. पुठ्ठ्याला ओल लागली होती. मी तो दोन दिवस गॅलरीत वाळत घातला आणि शेजारच्या बाईंनी विचारलं, पापडाचं का काही. आबांनी पगारातून घेतलेला कोश आहे, असं सांगितलं तर त्या म्हणाल्या, आता मोबाईलवर सगळं मिळतं की. मी दार लावून घेतलं.

आता तुझ्या खुलाशाकडं वळते. तुझ्या शिवारात त्या आठवड्यात थ्री फेज लाईट सकाळची होती. मी अकराला पोचले तेव्हा तू मोटर बंद करूनच घरी आला होतास, पाय चिखलाचे होते. आणि चष्म्याचं म्हणशील, तर त्याच चष्म्यानं त्याच दुपारी तू प्रगतीची चिठ्ठी सरळ वाचलीस. तिचं अक्षर मुंग्यांसारखं असतं. माझं अक्षर सिस्टर लोकांनी पट्टी मारून घडवलेलं आहे, ते चंद्रावरून वाचता येईल. तेव्हा तुझा दावा फेटाळला आहे.

खरं कारण मला ठाऊक आहे. तू दोन शब्द वाचलेस आणि तुला ती चिठ्ठी कुणासारखी आहे ते कळलं. होय, मी तुझ्या मालनच्या पद्धतीनं लिहिली. शब्द होता ठाणवई, खरा अर्थ दिवा ठेवायची बैठक. मी लिहिलं होतं: "वल्या बाळंतिणीच्या उशाला ठेवायची पाण्याची बारकी कळशी. आता कुणी ठेवत न्हाय."

यात नियम कुठं मोडला ते दाखव. दुसऱ्याची लकब उचलणं हा या खेळातला जुना डाव आहे. तू माझी "तत्संबंधी" आणि "उपरोक्त" घालून चिठ्ठी लिहायचास आणि मालनला हसू आवरायचं नाही. मी आबांसारखी लिहायचे, शेवटी "इत्यादी" टाकून. विशालनं लहानपणी सगळ्यांची नक्कल केली. मालनचीही आम्ही सगळ्यांनी केली आहे, तिच्यासमोर. सातवी शिकलेली बाई या घरात सून म्हणून आली, पहिल्याच आठवड्यात आबांनी तिच्या हातात पेन्सिल दिली, आणि तिला कुठलाही शब्द द्या, तिचा अर्थ घरातली, नाहीतर रानातली वस्तूच. आणि शेवटी "आता कुणी वापरत न्हाय." प्रत्येक वेळी पकडली जायची. तरी तू दरवेळी जाणूनबुजून तिच्याच चिठ्ठीला मत द्यायचास आणि मी दरवेळी हरकत नोंदवायचे. तेव्हा तुला नियम आठवत नव्हते.

मालन जुलैत गेली. पुण्यानुमोदनाला सगळे जमले तेव्हापासून मी खेळाचा विषय काढला नव्हता. त्या रविवारी काढला, तर तूच आतून कोश आणलास. मग वाटेतच काय झालं?

मला एक शंका आहे, ती स्पष्ट लिहिते. प्रगती त्या दिवशी दोनदा म्हणाली, "आत्या, आज राहू द्या ना." घर आता तिच्या हातात आहे. दर रविवारी एक म्हातारी येते, दिवसभर बसते, भाकरी जाड झाली म्हणते, हे तिला नको असेल तर मी समजू शकते. पण ते तिनं सांगावं, नाहीतर तू. कोश कॅरेटमधून पाठवून सांगू नये. आधीचा आणि कालचा, असे दोन रविवार मी बारामतीत काढले. इथं रविवारी दुपारी इमारतीत इतकं शांत असतं की पाण्याच्या टाकीचा आवाज ऐकू येतो. तक्रार करत नाही, माहिती म्हणून लिहिते.

माझी चिठ्ठी परत पाठव.

अंजली

*

कळस
२२ फेब्रुवारी

ती. अक्का,

जयभीम.

उशीर झाला. चार वेळा लिहायला बसलो आन् उठलो. पावट्याची तोडणी चालू व्हती म्हणून न्हाय. ते कारण दिलं तर तू तेबी फेटाळशील.

आदी प्रगतीचं सांगतो. तिला मधी आणू नको. दर रविवारी ती तुझ्या नावची एक भाकरी जास्त थापती, पातळ, तुला पायजे तसली. तू आली न्हाईस तर सांजंला म्हशीला घालती. परवा म्हशीकडं बघत म्हणाली, आत्याची भाकर खाऊन ही बी आता नावं ठेवाय लागंल. ती "राहू द्या" म्हणत व्हती ते माझ्या तोंडाकडं बघून म्हणत व्हती. तिला दिसलं, तुला न्हाय दिसलं.

आता माझं ऐक. चष्मा खोटा, लाईट खोटी, दोन्ही कबूल.

मालनची वाचा मे महिन्यात गेली, तुला म्हाईत हाय. अर्धं अंग गेलं त्याच दिवशी. त्याच्यानंतर दोन महिनं ती ओसरीवर खाटंवर व्हती, पण बोलणं बंद. नुसतं डोळं. मी विचारायचो, पाणी देऊ का, कूस बदलू का, ती डोळं मिटायची म्हंजी व्हय. तू रविवारी कोश घिऊन तिच्याजवळ बसायचीस, शब्द वाचायचीस, तिला हसू यायचं ते एकाच बाजूनं. मी आतल्या दारात उबा राहून बघायचो. तेवढ्यासाठी तुझं लई उपकार हायत, हे कधी बोललो न्हाय.

पण तिचं बोलणं मी मे महिन्यापासून ऐकलं न्हवतं. मराय लागली तरी न्हाय. मला वाटायचं, शेवटचं काय बोलली ते तरी आठवावं. वाचा गेली त्या दिवशी सकाळी ती रानात वैरण आणाय गेली व्हती, जाताना काय तरी म्हणाली. मी मोटारीचा फ्यूज बघत व्हतो. व्हय म्हणलं. कशाला व्हय म्हणलं ते आजतागायत आठवत न्हाय.

तर त्या रविवारी मी चिठ्ठ्या वाचत व्हतो. तुझी उघडली. अक्षर तुझं, ते बघताच कळलं. "वल्या बाळंतिणीच्या" एवढं वाचलं आन् पुढचं डोळ्यांना आदीच दिसलं, "न्हाय" पतूर. अक्का, माझ्या तोंडातनं तिचा आवाज निघणार व्हता. मी मान वर करून खाटंच्या जागंकडं बघितलं. तिची चिठ्ठी वाचली की ती फरशीकडं बघायची, हसू लपवायला, म्हणून आपल्याला कळायचं. मी फरशीकडं बघणारं माणूस शोधत व्हतो. तिथं विशालची फवारणीची टाकी ठेवलेली व्हती.

मग उठलो. बागंत गेलो. काय केलं न्हाय, नुसता बसलो.

तू म्हणतीस नियम मोडला न्हाय. खरं हाय. पण मी बी तुझ्याच घरातला, दोन गोष्टी मला बी कळत्यात. मालनसारखी चिठ्ठी म्हंजी पयल्या शब्दात पकडली जाणार. तिला मत देणारा मी एकटाच, आन् मी त्या दिवशी वाचणारा, मला मत न्हाय. विशाल न्हवता फसणार, प्रगती न्हवती. म्हंजी त्या चिठ्ठीला एक बी गुण पडणार न्हवता. तू आजवर हरायसाठी चिठ्ठी लिहिलेली मी बघितली न्हाय. मग ती लिहिलीस कशाला? तू लेखी खुलासा मागतीस ना, मी बी मागतो.

चिठ्ठी परत मागितलीस. ती देता येत न्हाय. खिशातच राहिली, सदरा धुण्यात गेला. दोरीवर वाळत घालताना खिशातनं पांढरा लगदा निघाला. प्रगतीनं विचारलं, काय महत्त्वाचं व्हतं का.

कोश तुला नको म्हणून पाठवला न्हाय. तो घरात असला की मी रविवारी दुपारी जेवण झाल्यावर आपोआप काढायचो, ओसरीवर ठेवायचो, आन् मग बसायचो. आपल्यामुळं घर गप व्हतंय, हे मला सोसंना.

तुला ये म्हणायला धीर व्हत न्हाय. तू आलीस की मला तुझ्या मागनं ती यायची वाटती, दोघी मिळून दारातनं यायच्यात तशी. आन् नको म्हणायला तर त्याहून धीर न्हाय. तूच ठरव.

बुद्धघोष

*

जळोची
मंगळवार, २५ फेब्रुवारी २०२५

प्रिय बुद्धघोष,

जयभीम.

पत्र काल विशालनं आणून दिलं. तो चहा घेऊन गेल्यावर वाचलं. नंतर जेवले नाही, म्हणून रात्री ते पुन्हा वाचायला वेळ मिळाला.

तू खुलासा मागितला आहेस. तुला तो मागण्याचा अधिकार आहे. देते.

ती चिठ्ठी मी जिंकायला लिहिली नव्हती. तुझा हिशेब बरोबर आहे, तिला एकही गुण पडला नसता. तू ठाणवई हा शब्द वाचलास आणि मी पेन हातात धरलं. मी काहीतरी तोफेच्या गाड्याबद्दल लिहिणार होते, खासा डाव होता, विशाल नक्की फसला असता. पण हातानं दुसरंच लिहिलं. लिहिताना मालन माझ्या खांद्याशी वाकून बघते आहे असं वाटलं, आणि मला तिच्या घामाचा आणि चुलीच्या धुराचा वास आला. असल्या गोष्टी मी लोकांना सांगितल्या असत्या तर दावे विभागात मला कुणी टिकू दिलं नसतं. लिहून झालं आणि मला एकच गोष्ट हवीशी झाली: ते मोठ्यानं कुणीतरी वाचावं. तू वाचावंस. शेवटपर्यंत. तुझ्या आवाजात तिचं बोलणं मला एकदा ऐकायचं होतं.

तुला ते ऐकायचं आहे की नाही, हे मी विचारलं नाही. ते माझ्या डोक्यातही आलं नाही. मला वाटलं, नवरा आहे, त्याला माझ्याहून जास्त हवं असेल. माणसाला एखादी गोष्ट जास्त हवी असली की ती अचानक समोर ठेवायची नसते, हे मला या वयात तुझ्या पत्रातून कळलं. आणि तू "वल्या बाळंतिणीच्या" म्हणून थांबलास तेव्हा मला राग आला तो अपमानाचा नव्हता. ताट समोर ठेवून काढून घेतल्याचा होता. मी त्याला अपमान म्हटलं, कारण अपमानाबद्दल पत्र लिहिता येतं.

माफी मागण्यात मी कच्ची आहे. सिस्टर लोक ती फळ्यावर शंभर वेळा लिहून घ्यायच्या, त्यामुळं तो शब्द माझ्या हातून शिक्षेसारखाच निघतो. तरी लिहिते: चुकलं. एकदाच लिहिते, पण खरं.

प्रगतीबद्दल मी जे लिहिलं ते मागे घेते. तिला ते दाखवलं नसशील अशी आशा आहे. दाखवलं असशील तर हेही दाखव.

चिठ्ठी धुण्यात गेली हे वाचून मी उठून कागद घेतला आणि तीच ओळ पुन्हा लिहिली. ती नुसती नक्कल वाटली. म्हणून कोश उघडून नवे शब्द काढले. चाहूर काढला, म्हणजे जमिनीचं जुनं माप, आणि मालन काय म्हणाली असती ते लिहायचा प्रयत्न केला. "दाव्याला बांधायची..." इथवर आलं आणि पुढं माझंच शिरलं. कागदावर कागद झाले. सगळीकडं मीच, विमा कंपनीच्या भाषेत. शेवटी "आता कुणी वापरत न्हाय" जोडलं तरी ती आली नाही. त्या एका दुपारी ती माझ्या हातात कशी उतरली ते मला सांगता येणार नाही, आणि आता ती उतरत नाही. तुला ते वाचून दाखवण्यासारखं माझ्याकडं काही राहिलेलं नाही, बुद्धघोष. त्या बाबतीत निर्धास्त रहा.

तू लिहिलंस की ती जाताना काय म्हणाली ते तुला आठवत नाही. ते शोधू नकोस. वैरणीला जाताना बाई काय म्हणते ते मला माहीत आहे, तुलाही आहे: दूध उतू जाईल बघा, गॅस बारीक करा, नाहीतर येताना उशीर होईल. त्यातलं काहीतरी होतं आणि तू व्हय म्हणालास. बरोबर उत्तर होतं.

आता माझी मागणी. तू लिहितोस, "तूच ठरव." हे मी मान्य करत नाही. ओसरी तुझी आहे, खाटेची जागा तुझ्या डोळ्यांसमोर आहे. मी ठरवलं तर मी येणार, कारण रविवारी दुपारी मला दुसरं घर नाही, हे मी फेब्रुवारीत नीट पाहून घेतलं. तेव्हा ठरवायचं तू. खेळ खेळणार नाही. कोश इथंच राहील. मी आले तर मालनबद्दल बोलू, किंवा कुणीच काही बोलायचं नाही, डाळिंबाला फुटवा कसा आहे एवढंच बघून परत येईन. माझ्या मागून ती येते असं तुला वाटणार, ते मी थांबवू शकत नाही. पण एकटीनं दारातून आत यायला मलाही सोपं नाही, तेवढं लक्षात घे.

ये, किंवा आत्ता नको. दोन्हींपैकी एक, तुझ्या हातानं लिहिलेलं, शनिवार, ८ मार्च २०२५ रोजी संध्याकाळी पाच वाजेपर्यंत माझ्याकडं पोचलं पाहिजे. विशाल त्या दिवशी माल घेऊन येतो, त्याच्याकडं दे. फोन चालणार नाही, प्रगतीकडून निरोप चालणार नाही. "नको" लिहिलंस तर मी वाट बघेन आणि त्याबद्दल पत्र लिहिणार नाही. पण काहीच आलं नाही तर मी तो नकार धरणार नाही, हे आत्ताच लिहून ठेवते. रविवारी सकाळच्या एसटीनं जंक्शनला उतरेन आणि विशाल नसला तर कळसचा रस्ता चालत येईन. तेव्हा लिही, बाबा. शनिवारी पाचच्या आत.

अक्का